एका ‘कोड’साठी पुण्याला

आमच्या पांढरकवड्याहून पुण्याला जायचं म्हणजे दुपारी जेवून गाडीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान अवघडलेल्या अवस्थेत उतरायचं. मधल्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडत नाही, म्हणून सांगत नाही. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. इंटरनेट लावलं की घरचा फोन बंद पडायचा आणि फोन आला की इंटरनेट तुटायचं, त्या काळातली ही दिवाळीची सुट्टी.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि उरलेल्या वेळात हौशी रेडिओ चालवायचो. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, घरावर तार बांधायची आणि आपल्या यंत्रावरून देशोदेशीच्या तशाच रिकामटेकड्यांशी बोलायचं. विकायचं काही नाही, मिळवायचं काही नाही. आमच्या घरात याला ‘भिंतीशी बोलणं’ म्हणत. कोणी तोंडाने बोलतं, कोणी मोर्सच्या कट्ट-कडकट्टने. मला ही कट्ट-कडकट्ट शिकवली पुण्याच्या बापटसाहेबांनी. ते तार ऑफिसात होते आणि मी बी.एड.साठी पुण्यात होतो तेव्हा त्यांनी मला आणि आणखी तिघांना रोज संध्याकाळी आपल्या गच्चीवर बसवून ती घोटून घेतली होती.

नंतर मी गावी परतलो, पण दर रविवारी सकाळी सात वाजता आमची हवेतली भेट ठरलेली. पुण्यात काय हवामान, पांढरकवड्यात काय भाजी, एवढंच बोलणं. शेवटी ‘त्र्याहत्तर’. निरोप घेताना आम्ही हौशी लोक हा आकडा पाठवतो. ‘शुभेच्छा, येतो आता’ असा त्याचा अर्थ.

मग एका वर्षी बापटसाहेब सारखं ‘पुन्हा सांगा, पुन्हा सांगा’ करू लागले. पुढे एका रविवारी उत्तरच आलं नाही. त्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं: ‘कानांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी तो मंजूर केला. आपला रविवार बंद. त्र्याहत्तर. बापट.’

खोटं कशाला सांगू, शाळेच्या प्रयोगशाळेचं दार लावून मी रडलो.

त्याच सुमारास नागपूरच्या एका मित्राने मला एक नवी पद्धत दाखवली. संगणक रेडिओला जोडायचा आणि कळफलकावर टाइप करायचं. संगणक त्या अक्षरांची एक बारीक शीळ करतो, रेडिओ ती शीळ पाठवतो, पलीकडचा संगणक ती वाचतो आणि पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटवतो. म्हणजे कानाचं कामच नाही! मी बापटसाहेबांना लगोलग कळवलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: ‘परवान्यात बसते का?’

परवान्यात परवानगी असलेल्या पद्धतींची यादी असते. ही पद्धत इतकी नवी की तिचं नाव कुठून असणार? म्हणून मी दिल्लीच्या खात्याला पत्र लिहिलं, मसुदा आधी बापटसाहेबांकडून तपासून घेतला. दिल्लीचं उत्तर आलं ते एका ओळीचं: गुप्त सांकेतिक संदेशांना परवानगी देता येत नाही. यात गुप्त काय होतं ते मला कळेना. पण बापटसाहेबांनी कळवून टाकलं, ‘विषय संपला.’

माझ्या दृष्टीने संपला नव्हता. त्यांना समोर बसून पटवायचं, असं ठरवून मी निघालो.

गुरुवार, कर्वेनगर

मी शिकत होतो तेव्हा कर्वेनगर म्हणजे हिंगण्याची शेतं होती. बापटसाहेबांची दोन खोल्यांची बंगली ज्वारीच्या बांधाला लागून होती. आम्ही गच्चीवर सराव करायला लागलो की खालून शेतकरी ओरडायचा, “काय वो, कसली सुतारकी चाललीया?” आता त्या जागी पाच मजली सोसायटी. बंगली बिल्डरला देताना बापटसाहेबांनी एकच अट लिहून घेतली होती, सगळ्यात वरचा फ्लॅट आणि गच्चीवर तार बांधायचा हक्क. रिक्षातून उतरल्यावर मी वर पाहिलं आणि ती तार दिसल्यावरच मला पत्ता बरोबर असल्याची खात्री पटली. ज्वारी मात्र फार आठवली.

दारावर सुवाच्य अक्षरांत पाटी होती: ‘बेल नाही. बटण दाबल्यास आत दिवा लागतो. एकदाच दाबावे. दिवा बहिरा नाही.’

मी सवयीने दोनदा दाबलं. दार उघडलं ते वाक्यासकट. “दोनदा दाबलंत.”

सतरा वर्षांनी भेटत होतो. मी काही बोललो, ते माझ्या तोंडाकडे नुसते पाहत राहिले. त्यांच्याशी आता शाळकरी पाटीवर लिहून बोलायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांचा तळहात धरला आणि त्यावर बोट टेकवलं. आखूड, लांब, आखूड. मोर्समधला ‘आर’. म्हणजे राऊत. म्हणजे मी.

बापटसाहेबांचे डोळे भरून आले, पण आवाज होता तोच. “हात तसाच आहे तुमचा. घाईचा.” तार ऑफिसची माणसं कळ दाबण्याच्या लकबीला ‘हात’ म्हणतात. शेकडो माणसांतून ते आपला माणूस हातावरून ओळखतात. त्या क्षणापासून आमचं बोलणं तसंच चाललं. ते तोंडाने बोलायचे, मी त्यांच्या तळहातावर टिचक्या मारायचो.

“चाळीस वर्षं या कट्ट-कडकट्टचा मी राग केला,” त्यांच्या मागून आलेल्या बापटकाकू म्हणाल्या, “आणि आता वाटतं, शिकून ठेवायला हवी होती. पाटीवर लिहून लिहून भांडणाची सगळी मजाच जाते हो.”

मी घरून सांबारवडी नेली होती. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. काकूंनी डबा उघडून वास घेतला. “सांबारवडी म्हणजे? इडलीबरोबर असतं त्या सांबाराची?”

“नाही जी काकू. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.”

“मग सरळ कोथिंबीरवडी म्हणावं की.”

बापटसाहेबांनी एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली. “पदार्थ उत्तम आहे,” ते म्हणाले. “नाव दिशाभूल करणारं आहे.”

जेवणं झाल्यावर त्यांनी फाइल काढली. परवाना, माझ्या पत्राची प्रत, दिल्लीचं उत्तर. तिन्ही कागद एका रेषेत लावून ते म्हणाले, “यादीत नाव नाही. विचारलं, तर नाही म्हणाले. आता आणखी काय?”

मी त्यांच्या हातावर बडवलं: कोण पाहून राहिलं जी? दोन हौशी माणसं हवापाण्याचं बोलतील, दिल्लीला कळणार तरी कसं?

त्यांनी हात काढून घेतला. बहिऱ्या माणसाने असं हात काढून घेणं म्हणजे कानावर हात ठेवणंच.

“राऊत, मी छत्तीस वर्षं तार ऑफिसात काढली. लोकांच्या घरचे जन्म-मृत्यू माझ्या हातून गेले. कोण बघत होतं? कोणी नाही. म्हणूनच मी त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.”

शाळेत मुलांना मीही हेच सांगायचो.

दुपारी काकू स्वयंपाकघरात चकल्यांचा डबा उघडताना हळू आवाजात म्हणाल्या. हळू बोलायची गरज नव्हती, पण सवय. “रविवारी सातला अजून त्या खुर्चीत जाऊन बसतात. यंत्र लावतात आणि त्याची सुई हलते ती बघत बसतात. तासभर. मग बंद करून पेपर वाचतात. राऊत, ह्यांचं एवढं एक कोड पुरवा. दुसरं काही मागणं नाही त्यांचं.”

मी ‘हो’ म्हणालो. कसं पुरवणार होतो ते देवाला ठाऊक.

निदान पद्धत दाखवावी म्हणून मी नागपूरहून मिळवलेली फ्लॉपी बापटसाहेबांच्या संगणकात घातली. संगणकाने ती वाचायला साफ नकार दिला. मग उलगडा झाला. गाडीत मी पिशवी वरच्या फळीवर ठेवली होती ती नेमकी स्पीकरला टेकून. विज्ञानाच्या मास्तराने लोहचुंबकाशेजारी फ्लॉपी ठेवावी, यापुढे काय बोलायचं. बापटसाहेब म्हणाले, “मुलांना चुंबकत्व आपणच शिकवता ना?”

शुक्रवार, खडकीमार्गे खराडी

संगणक बापटसाहेबांना त्यांच्या भाचीने दिला होता. अनघा तिचं नाव, खराडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला. तिच्याकडे चोवीस तास इंटरनेट आहे, ती नवी प्रत काढून देईल, म्हणून सकाळी मी निघालो, आणि दिल्लीचा पत्रव्यवहारही तिच्या नजरेखालून घालावा म्हणून फाइल काखेत घेतली. बापटसाहेबांनी पावती लिहून घेऊन मगच फाइल दिली.

स्टँडवर कंडक्टर गावाचं नाव ओरडत होता, मी चढलो. अर्ध्या तासाने बाहेर पाहिलं तर लष्करी कुंपणं. “खराडी अजून किती दूर आहे जी?”

“खराडी?” कंडक्टरने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. “ही खडकीची गाडी आहे. मी घसा फोडून खडकी-खडकी ओरडत होतो. कान तपासून घ्या.”

बस थांबेपर्यंत मला बापटसाहेब डोळ्यांसमोर दिसत होते. चांगल्या कानांचा माणूसही आपल्याला हवं तेच ऐकतो.

दोन बस आणि एक रिक्षा बदलून खराडीला पोचलो. एका बाजूला मेथीचे वाफे आणि दुसऱ्या बाजूला काचेची इमारत, मध्ये खणलेला रस्ता. फाटकावरच्या रखवालदाराने माझं नाव वहीत लिहिताना विचारलं, “कुठचे जी तुमी?”

त्या ‘जी’ने जीव गार झाला. “पांढरकवडा.”

“मी वणीचा! बसा, बसा.” त्याने आपली खुर्ची मला दिली, स्वतः उभा राहिला. “यंदा पोळा कसा झाला जी तिकडं? इथं तर कोनाले बैलच माहीत नाही.” अनघा खाली येईपर्यंत मी त्याला गावच्या पोळ्याचं सविस्तर वर्णन सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

अनघा पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, चालणं भरभर. तिने मला कॅन्टीनमध्ये नेलं. खणाखणांच्या ताटात पावभाजी आणि यंत्रातून पडणारी कॉफी. ज्या ठिकाणी कोणी वाढत नाही तिथे ‘पुरे’ कधी म्हणायचं ते मला समजत नाही, म्हणून कॉफीचा पेला ओसंडून वाहिला. ती हसली नाही, कागद आणून पुसलं. मुलगी चांगली होती.

मग ती फाइल वाचू लागली आणि मात्र हसली.

“काका, हे लेटर तुम्ही ड्राफ्ट केलंत? यात ‘कोड’ सहा वेळा आहे! ‘आम्हाला नवा कोड वापरायची परवानगी द्यावी.’ ‘हा कोड जुन्या कोडपेक्षा चांगला आहे.’”

“मग? कोडच आहे ना तो. मोर्सला आम्ही कोडच म्हणतो. तार ऑफिसातही तेच म्हणायचे.”

“हो, पण दिल्लीत बसलेला माणूस तार ऑफिसातला नाहीये ना! त्याने वाचलं, दोन माणसं नव्या कोडमध्ये बोलणार. त्याला वाटलं असणार स्पाय वगैरे आहेत. आणि गंमत बघा, आमच्याकडे कोड म्हणजे एकदम उलटं. सगळ्या टीमने तो वाचायचा, चुका काढायच्या. लपवला तर मॅनेजर ओरडतो.”

म्हणजे दार दिल्लीने लावलं नव्हतं. दार मीच लावलं होतं, सहा वेळा, स्वतःच्या अक्षरात. मोर्स शिकलेल्या माणसाखेरीज ही चूक कोणी केलीच नसती. आम्हाला कोड म्हणजे अक्षरओळख. इतरांना तो गुपिताचा शब्द आहे हे माझ्या आणि बापटसाहेबांच्या, दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

अनघाने सीडी करून दिली. त्या पद्धतीत कोणत्या अक्षराची शीळ कशी असते त्याचा जगजाहीर तक्ता इंटरनेटवर होता, तोही छापून दिला.

घरी येऊन मी बापटसाहेबांच्या हातावर सगळं सांगितलं. इतकं भरभर, की त्यांनी दोनदा ‘सावकाश’ म्हटलं. शेवटी मी म्हणालो, चूक माझी.

“मसुदा कोणी तपासला होता?”

तुम्ही. पण लिहिला मी.

“लिहिणाऱ्याची चूक ही चूक नसते. ती पास करणाऱ्याची असते. तार ऑफिसात तरी असंच होतं.” त्यांनी परवान्याची घडी घातली. मग म्हणाले, “उद्या शितोळ्यांकडे जाऊ.”

शनिवार, कात्रज

शितोळे बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. पूर्वी हौशी लोकांची यंत्रं तपासत फिरायचे, आता कात्रजला आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर परतले होते. आजूबाजूच्यांनी जमिनी बिल्डरांना दिल्या होत्या. यांनी दोन म्हशी आणि एक चिंच राखली होती. चिंचेखाली बाज टाकून बसले होते.

“या या! बापटसाहेब, हायेत व्हय अजून तुमच्या तारा?”

मी ते हातावर पोचवलं. बापटसाहेब मला म्हणाले, पण शितोळ्यांना ऐकू जाईल असं. बहिरेपणाचा हा एक फायदा ते पुरेपूर घेत. “ह्यांनी एकदा माझं यंत्र दोन तास तपासलं. काही सापडलं नाही म्हणून चहा न घेता गेले.”

“च्या घेतला असता तर लाच म्हनला असता तुमी,” शितोळे म्हणाले.

त्यांच्या सुनेने पिठलं-भाकरी आणि ठेचा आणला. आमच्या झुणक्याला जो कोरडा राग असतो तो या पिठल्याला नव्हता, पण म्हशीच्या दुधाचा चहा असा की चमचा उभा राहावा. खाऊन झाल्यावर शितोळ्यांनी चष्मा लावून माझं पत्र वाचलं आणि मांडीवर थाप मारली.

“मास्तर, सरकारी खात्यात पत्र कुनी वाचत नाय. शब्द वाचत्यात. ‘कोड’ दिसला की पत्र त्या कप्प्यात. त्या कप्प्यातलं उत्तर आधीच टाइप करून ठेवल्यालं असतंय. मीच किती येळा सही केली आसंल.”

“मग त्याला काय म्हणावं जी?”

“काही म्हनू नका. त्येला काय म्हनत्यात ते लिवू नका, त्यातनं काय निघतंय ते लिवा. काय निघतंय?”

“अक्षरं.”

“टाइप केल्याली?”

“हो.”

“म्हंजे हिकडं टाइप करायचं, तिकडं टाइप होऊन निघायचं. आमच्या खात्यात ह्येला टेलिप्रिंटर म्हनत्यात. परवान्यात टेलिप्रिंटर हाय का?”

माझं बोट बापटसाहेबांच्या तळहातावर थांबलं. मी एकच शब्द टाइप केला, म्हणजे बडवला. बापटसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून परवाना काढला, उलगडला, यादीवरून बोट फिरवत खाली आले. शेवटून दुसऱ्या ओळीत होता. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडायचा तो टेलिप्रिंटर, रेडिओवरून चालवायचा. इतकी वर्षं त्यांनी तो वापरला नव्हता म्हणून त्या ओळीकडे पाहिलंही नव्हतं.

“आन् हा तक्ता जोडा,” शितोळे म्हणाले. “किल्ली छापून गावभर वाटल्याली असंल तर कुलूप कसलं? गुपित ऱ्हायलंच नाय. पन तुमी बोलनार कशात? विंग्रजीत?”

“नाही जी, मराठीत. रोमन अक्षरांत.”

“मंग दिल्लीला ते कोडच वाटायचं!”

आम्ही दोघं खदखदून हसलो. मी ते हातावर सांगितलं आणि आमचं हसू ओसरल्यावर बापटसाहेब एकटेच हसायला लागले. टपाल उशिरा पोचलं म्हणून शितोळे पुन्हा हसले. सतरा-अठरा वर्षांपूर्वी गच्चीवर आम्ही असेच हसायचो, विनाकारण, शेतकऱ्याने ओरडेपर्यंत.

परतीच्या बसमध्ये बापटसाहेब खिडकीबाहेर बघत होते. स्वारगेट आल्यावर एकदम म्हणाले, “राऊत, आपण सांबार लिहिलं. कोथिंबीर लिहायला हवं होतं.”

बसमधली चार माणसं वळून बघायला लागली.

रविवार, सकाळी सात

नवं पत्र, या वेळी बापटसाहेबांच्या सहीचं, रात्रीच लिहून झालं होतं. ‘कोड’ शून्य वेळा. बापटसाहेबांनी भिंग घेऊन ते दोनदा तपासलं होतं आणि उद्या ते रजिस्टरने जायचं होतं.

सात वाजता ते नेहमीप्रमाणे खुर्चीत जाऊन बसले. मी संगणक रेडिओला जोडून ठेवला होता. यादीत टेलिप्रिंटर आहे, तक्ता खुला आहे, मी हातावर विचारलं, आता एकदा पाठवून पाहू?

“उत्तर येऊ द्या.”

म्हातारा हटणार नव्हता. मला संध्याकाळची गाडी होती. उत्तर येणार की नाही, आलं तर काय येणार, आणि तोपर्यंत या माणसाने सुईकडे बघत बसायचं? मला त्यांचा मनस्वी राग आला आणि तितकीच मायाही वाटली.

इतक्यात दिवा लागला. एकदाच. अनघा आली होती, स्कूटरवरून लॅपटॉप घेऊन. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “मामांना सांगा, रेडिओ ऑफच ठेवू. लॅपटॉप शीळ घालेल, मामांचा कॉम्प्युटर माइकने ऐकेल. सिम्पल. घरातल्या घरात.”

मी सांगितलं. बापटसाहेबांनी डोळे मिटले. मनातल्या मनात नियमांची उजळणी चालली असावी. मग उघडले.

“तोंडाने शीळ घालायला परवाना लागत नाही,” ते म्हणाले. “मग यंत्राने घालायलाही लागू नये. लावा.”

त्यांनी रेडिओची पिन स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवली. अनघाने लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला, त्यांचा माइक दाराच्या चौकटीला टांगला. मी टाइप केलं. एक थरथरती बारीक शीळ घरभर फिरली. ती ऐकू येत नसलेला तिथे एकच माणूस होता, आणि त्यालाच ती वाचता येत होती.

मी ओट्यापाशी असल्याने त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. अनघाने नंतर सांगितलं, मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी लिहिलं होतं, ‘सुप्रभात बापटसाहेब. पुण्याचं हवामान कसं?’ थोड्या वेळाने तिकडून शीळ आली आणि माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली, एकेक करून, पाहुणे दारातून एकेक आत यावेत तशी. ‘स्वच्छ ऊन. वारा पश्चिमेचा. कान गेले, डोळे आहेत. पांढरकवड्यात काय भाजी?’

मी पुण्यातच, त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा होतो. तरी मी लिहिलं, ‘तुरीच्या शेंगा.’

काकू ओल्या हातांनी माझ्यामागे उभ्या होत्या. “मला लिहू द्या,” म्हणाल्या. पदराला हात पुसून एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं: ‘अहो शिरा करू की उपमा’.

मग शीळ आली. ‘शिरा.’ आणि थोडं थांबून, ‘हात चांगला आहे.’

“हात?” काकू म्हणाल्या. “हाताचं काय?”

मी सांगितलं, की तार ऑफिसच्या माणसाकडून यापेक्षा मोठी स्तुती होत नाही. “एवढंच ना,” असं म्हणून त्यांनी कढई चढवली आणि आमच्याकडे पाठ करून रवा गरजेपेक्षा जास्त वेळ भाजत राहिल्या. शिरा चांगला खमंग झाला होता.

पांढरकवडा

पत्र गेलं. हिवाळा गेला. मी एक जुना संगणक मिळवून रेडिओला जोडून ठेवला आणि रोज टपालवाल्याची वाट पाहायला लागलो. परीक्षा झाल्या, उन्हं तापली, तरी दिल्ली गप्प. मला वाटायला लागलं की टेलिप्रिंटरचाही कुठला तरी कप्पा असेल आणि त्यातही ‘नाही’च टाइप करून ठेवलेलं असेल.

शाळेला सुट्टी लागली आणि पोस्टकार्ड आलं. ‘दिल्लीचं उत्तर आलं. कोथिंबीर मान्य. येत्या रविवारी सात. बापट.’ मी ते कार्ड घेऊन भर दुपारी अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. कोणाला सांगणार? ज्यांना कळलं असतं ते सगळे पुण्यात होते.

त्या रविवारी पावणेसातलाच बसलो. सात वाजता पडद्यावर एक सोनेरी रेघ उतरायला लागली, म्हणजे पलीकडून शीळ येत होती. मी तिच्यावर माउसचा बाण ठेवला. खरखरीतून आधी दोन-चार निरर्थक अक्षरं आली आणि मग नीट, त्यांच्या शिस्तीत: ‘रविवार चालू.’

आम्ही पाऊण तास बोललो. मोसमाचं, आंब्यांचं, काकूंच्या गुडघ्यांचं. मग रेघ नुसतीच बंद झाली. यंत्र आवरून मी चहा प्यायलो, तेव्हा लक्षात आलं की त्यांनी त्र्याहत्तर पाठवलं नव्हतं. छत्तीस वर्षं एक अक्षर इकडचं तिकडे न करणारा माणूस निरोपाचा आकडा विसरला? वय झालं, असं म्हणून मला वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी मी विचारलंच. ‘मागच्या वेळी त्र्याहत्तर राहिलं.’

उत्तर लगेच आलं. ‘आपलं बोलणं संपलं होतं का?’

त्यानंतर किती तरी रविवार आम्ही बोललो आणि त्यांनी तो आकडा पुन्हा कधी पाठवला नाही. बापटसाहेबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या रविवारचा मजकूर मी संगणकावरून उतरवून वहीत ठेवला आहे. पुण्यात ढगाळ. काकूंना बरं. अनघाला मुलगी झाली, हातांची वळवळ करते. खाली त्र्याहत्तर नाही.